घेतलं आणि मारलं

त्या वर्गातलं मला कोणी आवडत नव्हतं, आणि मी त्यांना. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणी माझ्याकडून गुरु-शिष्यांच्या मायेच्या गोष्टींची वाट बघत बसायला नको.

वर्ग अकोल्यातल्या एका कॉलेजात होता. सार्वजनिक आरोग्याचं पुढचं शिक्षण घेणारी मुलं. मुलं म्हणायचं एवढंच, सगळे आधीच डॉक्टर होऊन आलेले. कोणी आयुर्वेदाचा, कोणी होमिओपॅथीचा, एक मुंबईची दातांची डॉक्टर. आणि त्यांना शिकवणारी मी, नववीत शाळा सुटलेली. साथीच्या रोगांचे, कुपोषणाचे आकडे चित्रात कसे मांडायचे, आणि त्या चित्रातून माणसाला कळेल अशी गोष्ट कशी सांगायची, हा माझा विषय. वेळापत्रकात त्याला लांबलचक इंग्रजी नाव होतं. मुलं त्याला ‘फ्लेक्सचा तास’ म्हणत, आणि मला माझ्या पाठीमागे ‘फ्लेक्सवाली’. पाठीमागे म्हणजे फळ्याकडे तोंड करून मी लिहीत असायचे तेव्हा. ऐकू येईल इतक्या मोठ्यानं.

मी कोकणातली. आमचं हायस्कूल खाडीपलीकडे होतं. तरीतून, म्हणजे होडीतून जायचं, तरीतून यायचं. तरवाला मुंबईला लेकाकडे निघून गेला आणि तर बंद पडली. मुलगे रस्त्यानं वळसा घालून सायकलवर जाऊ लागले, आम्ही मुली घरी बसलो. कोणी शाळा सोडवली नाही, कोणी रागावलं नाही, नापास झाले नाही. होडी नव्हती, एवढंच. पुढे थोरल्या बहिणीला मूल झालं तेव्हा तिच्याकडे बडनेऱ्याला आले. मेहुणे रेल्वेत. बाळ मोठं झालं, मेहुण्यांची बदली झाली, आणि मी तिथेच राहिले, कारण तोवर अमरावतीत एका फ्लेक्सच्या दुकानात मला काम मिळालं होतं. दुकान अचलपूरच्या एका चाचांचं. त्यांनीच मला कॉम्प्युटरवर अक्षरं जुळवायला शिकवलं, रंग शिकवले. वाढदिवसाचे फलक, श्रद्धांजलीचे फलक, बियाण्यांच्या जाहिराती. माणसाचा फोटो वाढदिवसाच्या फलकावर कुठे ठेवायचा आणि श्रद्धांजलीच्या फलकावर कुठे, हे मला चाचांइतकं कोणी समजावलं नाही. “बेटी, जित्या माणसाले कोपऱ्यात टाकू नको, अन् मेलेल्याच्या डोक्यावर फोन नंबर देऊ नको.”

एकदा अकोल्याच्या त्या कॉलेजातल्या विभागप्रमुख बाई परिषदेसाठी फलक छापायला अमरावतीत आल्या. मुलांनी केलेलं चित्र होतं. फुगवलेल्या केकसारखे गोल तुकडे, प्रत्येकाला वेगळा रंग, बाजूला मुंगीएवढी अक्षरं. मी म्हटलं, “मॅडम, हे छापते, पण ह्याच्यातून काय सांगायचंय?” त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “हे तुम्ही माझ्या मुलांना विचाराल का?”

एवढ्यावर मला वर्ग मिळाला. कागदोपत्री ‘तांत्रिक सहाय्यक’. एका वर्षापुरती. वर्षाच्या शेवटी बाहेरचे परीक्षक मुलांची कामं बघतील, ती नीट झाली तर पुढच्या वर्षी कायमचा आदेश काढू, असं मॅडमनी सांगितलं. मला दुसरं काही नको होतं. मी दुकानातल्या खुर्चीत बसून त्या आदेशाचा कागद मनात इतक्यांदा छापला होता की त्याच्या कडेची किनारसुद्धा ठरली होती.

चाचा म्हणाले, “डाक्टर लोकाले शिकवशीन? जा. पर दुकानाची चाबी ठेव तुझ्याजवळ.” मला राग आला होता. त्यांच्या डोळ्यांत हसू होतं असं आता वाटतं, पण तेव्हा नव्हतं वाटलं.

पहिल्याच आठवड्यात एका मुलानं हात वर केला. काळासावळा, सडसडीत, शर्टाची बाही दुमडलेली. तेल्हाऱ्याकडचा, हिवरखेडच्या पुढचं गाव, घरी काळी शेती. होमिओपॅथीचा डॉक्टर. वर्ग त्याच्याकडे बघून हसायचा आणि त्याच्याकडे बघून गप्प बसायचा.

“मॅडम, पी-व्हॅल्यू म्हणजे काय हो?”

मला माहीत नव्हतं. मी तसं सांगितलं. संख्याशास्त्र मॅडम शिकवतात, मी फक्त मांडणी.

“म्हणजे आकडा खरा हाय का खोटा, ते तुमाले नाही समजत. फक्त रंग कोणता द्यायचा ते समजते.”

“हो,” मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

“मंग ठीक हाय. माह्या मावशीच्या लग्नात मेंदीवाली आली होती, तिलेही नवरा कोण ते माहीत नव्हतं.”

वर्ग हसला. मीही हसले. हे हसणं मला आजही आठवतं, आणि त्या मुलापेक्षा मला त्याचाच राग जास्त येतो. ज्यांच्या दारात आपण उपकारानं उभे असतो त्यांच्या विनोदाला आपण हसतो. चहावाला कप आदळून गेला तरी “थँक्यू दादा” म्हणतो. शिपाई खुर्ची काढून घेतो तरी “असू दे, असू दे.” त्या वर्षी अकोल्यात मी जितक्या लोकांचे आभार मानले तितके आईबापांचेही मानले नसतील.

शिकवायचं काय, तर माझ्याजवळ थोड्याच गोष्टी होत्या. चित्राला शीर्षक द्या ते काहीतरी सांगणारं द्या, ‘विश्लेषण’ वगैरे नको. उभी रेघ शून्यापासून सुरू करा, नाहीतर उंदराचा बैल दिसतो. माणसं थोडी असतील तर टक्के काढू नका. एका माणसाला एक चित्र काढा, आणि खाली लिहा, एक चित्र म्हणजे एक माणूस. काही कमी-जास्त केलं तर खाली टीप द्या. आणि भाषा साधी. घरी सांगाल तशी.

हे शेवटचं मी रोज बोलायचे. ‘उपचारप्राप्त लाभार्थी’ असलं काही दिसलं की तांबड्या पेनानं खोडायचे. तेल्हाऱ्याच्या डॉक्टरनं एकदा घरी सांगतात तसं खरंच लिहिलं: ‘पोट्ट्याले ताप आला तं माय कुठं नेते?’ मी ‘मुलाला’ केलं, ‘तर’ केलं, ‘आई’ केलं. फलक अमरावतीतही लागणार, मुंबईतही लागणार. माझ्या शाळेत बाईंनी माझं मालवणी असंच सरळ केलं होतं. ते बरोबर होतं असं मी तेव्हाही मानायचे, आणि पुष्कळसं आताही मानते.

त्यानं वही परत घेतली, वाचली, आणि म्हणाला, “साधी भाषा म्हणजे तुमची भाषा, असं म्हणा ना मॅडम. उगा घरचं नाव काहून घेता?”

त्यानंतर तो माझ्या तासाला मागच्या बाकावर बसून मोबाइल बघू लागला.

ते वर्ष कपाशीवर अळीनं हैदोस घातला त्यातलं होतं. कपाशी माणसाच्या डोक्यावर गेली होती आणि तिच्यात शिरून फवारणारी माणसं उलट्या करत बाहेर येत होती, डोळ्यांना अंधारी, हातपाय थरथरणारे. फवारणारा बहुतेक मजूर. शेत दुसऱ्याचं, पंप दुसऱ्याचा. मॅडमनी एका गटाला हिवरखेडला पाठवलं: फवारताना आजारी पडलेल्या माणसांशी बोला, त्यांनी पुढे काय केलं ते विचारा, चित्र काढा, आणि ते चित्र आधी त्याच गावाला दाखवा. मॅडमचा तो हट्ट होता. गावाकडून घेतलं ते गावाला दाखवल्याशिवाय परीक्षेला मांडायचं नाही.

गटात ती मुंबईची दातांची डॉक्टर, दोन नाशिककडचे मुलगे, आणि तेल्हाऱ्याचा. त्याला घेतलं कारण गाव त्याच्या ओळखीचं.

चित्र चांगलं झालं होतं. मी खोटं बोलणार नाही. वर शीर्षक: ‘फवारणीत आजारी पडले, मग काय केलं?’ खाली तीन ओळी. काहीच न केलेले, राखाडी. घरी लिंबूपाणी, ताक घेतलेले, पिवळे. आणि दवाखान्यात जाऊन उपचार झालेले, हिरवे. प्रत्येक माणूस तळहाताएवढा, हात बाजूला सोडून उभा. मुंबईच्या मुलीनं तिसऱ्या ओळीला आधी ‘वैद्यकीय उपचार घेतलेले’ लिहिलं होतं. मग माझ्याकडे बघून म्हणाली, “थांबा, तुम्ही खोडाल,” आणि तिनं स्वतःच मोठ्या अक्षरांत केलं: ‘औषध घेतलं’.

मला ते आवडलं. वर्गातल्या पडद्यावर लावलं. बाकीचे अकोला-अमरावती शहरातले, शेताचा धुरा, म्हणजे बांध, त्यांनी लग्नाआधीच्या फोटोपुरता पाहिलेला. कोणी मान वर करून वाचलं नाही. तेल्हाऱ्याच्या डॉक्टरनं मात्र मोबाइल खाली ठेवला, नीट वाचलं, आणि माझ्याकडे बघितलं.

“कसं वाटतं?” मी विचारलं.

“छान हाय मॅडम. एकदम साधं.”

त्या वर्गात मला मिळालेली ती पहिली शाबासकी. मी रेल्वेत बसून अमरावतीला येईपर्यंत ती चघळत आले. चाचा अचलपूरला लग्नाला गेले होते. मशीन मीच लावलं, फलक मीच छापला, कडांना दोरीसाठी आयलेटच्या कड्या मीच ठोकल्या.

हिवरखेडच्या बाजाराच्या दिवशी ग्रामपंचायतीच्या भिंतीला आम्ही तो बांधला. मॅडम यायच्या होत्या. आदल्या दिवशी त्यांना मुंबईची बैठक लागली. म्हणाल्या, “तुम्ही आहात ना.” मी आहे, म्हटलं. कोणीतरी माझ्यावर काम सोपवलं की मला आधी ताप आल्यासारखं होतं आणि मग अभिमान वाटतो.

माणसं जमली, पण खूश होऊन नाही. त्या वर्षांत वऱ्हाडात बाहेरून जो येई तो मोजायलाच येई. वर्तमानपत्राचे आले, अभ्यासाचे आले, समित्या आल्या. एक धोतरवाले आजोबा फलकाकडे न बघता माझ्याकडे बघत म्हणाले, “काहो बाई, आमाले मोजू मोजू तुमचे बोटं दुखत नाईत का?”

“आजोबा, तुमच्यासाठीच केलंय.”

“आमच्यासाठी? मंग घरी घेऊन जाऊ का? म्हशीच्या गोठ्यावर ताडपत्री पाह्यजे होती मले.”

लोक हसले. मीही हसले. सवय.

एका पोरसवदा माणसानं फलक मोठ्यानं वाचायला घेतला, मागच्यांना ऐकू जावं म्हणून. “फवारणीत आजारी पडले, मग काय केलं. काहीच नाही केलं. ताक, लिंबूपाणी घेतलं. औषध...” तो थांबला. “औषध घेतलं.”

हसू एकदम बंद झालं. मला वाटलं, गोष्ट लागली. दुकानात आणि वर्गात मी ज्याची वाट बघत होते ते हेच, लोक चित्राकडे बघून गप्प होतात ते. मी दातांच्या डॉक्टरकडे बघून मानसुद्धा हलवली.

मग आजोबांनी हळूच विचारलं, “इतक्या जणांनी?”

“हो,” मी उत्साहानं म्हटलं. “ही चांगली गोष्ट आहे ना? हिरवे आहेत ते. अजून जास्त लोकांनी घेतलं पाहिजे.”

आता हे लिहिताना मला माझ्याच तोंडावर हात ठेवावासा वाटतो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, मलाही त्या क्षणापर्यंत माहीत नव्हतं. तिकडे शेतावर मारायच्या विषाला औषधच म्हणतात. कपाशीवर औषध मारतात. आणि माणसानं ‘औषध घेतलं’ असं कोणी खालच्या आवाजात सांगितलं तर त्याचा एकच अर्थ होतो, विष पिऊन जीव द्यायला गेला. तापाच्या गोळीला ते गोळी म्हणतात.

भाजीच्या ढिगाकडून एक बाई उठून आली. हातातली पिशवी तिनं खाली ठेवली नाही. तिशीची असेल. डोक्यावरचा पदर घट्ट.

“काय लिवलं म्हणता?” तिनं त्या वाचणाऱ्याला विचारलं. त्यानं तिच्याकडे न बघता पुन्हा वाचलं.

“अन् खाली बारीक काय लिवलं?”

“एक चित्र म्हणजे एक माणूस.”

ती माझ्याकडे वळली. “मंग यातला माया कोणता?”

मला कळेना. तेल्हाऱ्याचा डॉक्टर भिंतीपाशी उभा होता, हाताची घडी घालून. मी त्याच्याकडे बघितलं. त्यानं नजर फलकावरच ठेवली.

“माया माणूस तीन दिवस दवाखान्यात होता,” ती बाई म्हणाली, आणि आता तिला बाजार ऐकत होता. “दुसऱ्याच्या वावरात पंप घेऊन गेला अन् तिथंच पडला. साऱ्या गल्लीनं म्हटलं का यानं घेतलं. माया सासूनं म्हटलं. मी दारोदार सांगून राहिली का नाई घेतलं, नाई घेतलं. या पोट्ट्यांनी घरी येऊन इचारलं, त्याईले सांगितलं. अन् तुमी इतका मोठा बोर्ड लावून सांगता का घेतलं? हिरव्या रंगात?”

“ताई, औषध म्हणजे दवाखान्याचं...”

“माया माणसानं औषध मारलं! घेतलं नाई. मारलं अन् घेतलं यातलं तुले समजत नाई, तू कायची मास्तरीण वं?”

कोणीतरी फलकाची दोरी ओढली. कोणी म्हणालं, उतरवा ते. कोणी म्हणालं, फोटो काढा त्याईचे, पोलिसात द्या. नाशिकचे दोघे कधीच एसटी स्टँडकडे सरकले होते. दातांची डॉक्टर रडत होती आणि इंग्रजीत काहीतरी म्हणत होती. मग तेल्हाऱ्याचा डॉक्टर बोलला, आणि गावाकडे तोंड करून बोलला.

“काकू, मॅडम इकडच्या नाईत. त्याईले नाई माहीत.”

“तुले तं माहीत होतं!” बाई म्हणाली. “तू काय अमेरिकेचा हाय का रे? तुही माय आमच्या संगं वावरात निंदाले जाते.”

त्याच्या हाताची घडी सुटली. त्याचं तोंड उतरलेलं मी पहिल्यांदा बघितलं आणि खरं सांगते, बरं वाटलं.

“सांग कोणता,” बाई पुन्हा मला म्हणाली. “एक चित्र म्हणजे एक माणूस ना? माया काढून टाक.”

सगळे हिरवे सारखेच. एकच चित्र मी पुन्हा पुन्हा ठेवलेलं. तिनं स्वतःच ओळीवरून नजर फिरवली आणि शेवटच्यावर बोट टेकवलं. “हा. असाच उभा रायते, हात सोडून.”

पर्समध्ये फ्लेक्स कापायची ब्लेड कायम असायची माझ्या. तशी दुकानातली कोणीही ठेवते. मी ती काढली आणि त्या माणसाच्या कडेनं कापत गेले, डोक्यापासून पायापर्यंत. मागची भिंत दिसू लागली. तुकडा मी तिच्या हातात दिला. तिनं उलटसुलट करून पाहिला, पाठ पांढरी असते फ्लेक्सची, आणि पिशवीत कांद्यांवर ठेवला. “चाल,” म्हणाली, स्वतःलाच, आणि गेली.

आकोटमार्गे परतताना एसटीत तेल्हाऱ्याचा डॉक्टर माझ्या पुढच्या सीटवर होता. बराच वेळ मी त्याच्या मानेकडे बघत होते. मग त्याच्याच शब्दांत विचारलं, “काहून नाही सांगितलं?”

तो वळला नाही. “तुमी इचारलं कुठं?”

“विचारलं होतं. वर्गात. कसं वाटतं म्हणून.”

“तुमी इचारलं साधं हाय का. साधं होतं.”

“माझं हसं करायचं होतं तुला.”

“हो,” तो म्हणाला. “तुमचं. काकूचं नाई.”

“मग तिच्यासमोर बोलायचं होतंस.”

“बोललो ना.”

“फलक बांधायच्या आधी.”

त्यानं मोबाइल काढला. मी चुकले, तर ती न कळून चुकले. तो कळून गप्प राहिला. हे मी अजून विसरलेली नाही, आणि विसरायचा विचारही नाही.

परीक्षेसाठी दातांच्या डॉक्टरनं नवा फलक छापायचं ठरवलं होतं, ‘दवाखान्यात गेले’ असं लिहून, सगळे हिरवे परत उभे करून. मीही तेच म्हणाले. पुढच्या वर्षीचा आदेश त्या परीक्षेवर होता. बाहेरून आलेल्या परीक्षकांसमोर मला भोक नको होतं. पण सकाळी हॉलमध्ये गेले तर जुनाच फलक टांगलेला. ‘औषध घेतलं’ काळ्या मार्करनं खोडून वर ‘दवाखान्यात गेले’ लिहिलेलं. ओळीच्या शेवटी भोक तसंच. आणि भोकाखाली, वेडंवाकडं, त्याच्या अक्षरात: ‘याले त्याची बायको घरी घेऊन गेली.’

“हे काय?” मी त्याला विचारलं.

“टीप,” तो म्हणाला. “तुमीच सांगता ना मॅडम, काही कमी-जास्त केलं तं खाली टीप द्यावी.” आणि मार्कर माझ्यापुढे धरला. “चुकलं असन तं करा दुरुस्त.”

मला डिवचायलाच लिहिलं होतं ते ‘याले’. सगळं वर्ष मी जे खोडत आले तेच त्यानं सगळ्यात मोठ्या परीक्षेच्या दिवशी, सगळ्यात दिसेल अशा जागी लिहिलं. मी मार्कर घेतला. टोपण काढलं. तेवढ्यात परीक्षक मॅडमसोबत आत आले.

त्यांनी भोकात बोट घालून बघितलं. “हे कोणी केलं?”

वर्गानं माझ्याकडे बघितलं. “मी,” म्हटलं.

“का?”

“त्यांच्या बायकोनं मागितला.”

“बाई, तुम्ही डेटा कापून दिलात?” ते हसले, आणि त्यांच्याबरोबर मागची रांग हसली. “आपलं शिक्षण?”

“नववी.”

“हं.” त्यांनी मॅडमकडे पाहिलं. मॅडम खाली बघत होत्या.

“संख्या कायम आहे सर,” तेल्हाऱ्याचा डॉक्टर मागून म्हणाला, अगदी पुस्तकी मराठीत. “उजवीकडे लिहिली आहे. आकडा बदललेला नाही. चित्र एक कमी आहे, आणि ते का, हे टिपेत आहे.”

परीक्षकांनी चष्मा लावून टीप वाचली. “‘याले’? हे काय मराठी आहे? निदान एवढं तरी शुद्ध करा.” माझ्या हातात उघडा मार्कर होता. त्यांनी त्याच्याकडे बोट दाखवलं. “करा की.”

इतका वेळ जे मी स्वतःच करणार होते ते दुसऱ्यानं सांगितल्यावर मला करवेना. ती बाई, तिची पिशवी, कांद्यांवरचा तो हिरवा तुकडा, असं सगळं एकदम डोळ्यांसमोर आलं, आणि पहिल्यांदाच त्या कॉलेजात मला हसू आलं नाही.

“नको सर. ते तसंच राहील.”

“का?”

“तिकडं तसंच म्हणतात.”

त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि पुढच्या फलकाकडे गेले. तेल्हाऱ्याचा डॉक्टर माझ्याकडे बघत होता. मी मार्करला टोपण लावून तो त्याच्या हातात दिला आणि बाहेर जाऊन उभी राहिले.

गटाला बरे गुण मिळाले. मला आठवड्यानं मॅडमनी बोलावलं. परीक्षकांचा शेरा होता, शिकवण्यासाठी अर्हताप्राप्त व्यक्ती असावी म्हणून. वरूनही तेच आलं. मॅडमना खरंच वाईट वाटत होतं. त्यांनी चहा मागवला, चहावाल्यानं कप आदळला. “मी प्रयत्न केला,” त्या म्हणाल्या. “पण तुम्ही निदान ते वाक्य बदलायला हवं होतं. तेवढ्यावर मी भांडू शकले असते.”

“थँक्यू मॅडम,” मी म्हटलं. “तुम्ही खूप केलंत.” आणि हे मी मनापासून म्हटलं, ह्याचाच संताप करत बडनेऱ्यापर्यंत आले. खिडकीबाहेर कपाशीच्या पऱ्हाट्या उपटून ढीग लावलेले होते. आदेशाच्या कडेची ती किनार मी मनातून पुसून टाकली. अमरावतीत उतरून आधी दुकान उघडलं. किल्ली माझ्याजवळच होती. चाचा मागून आले. “मशीनचं हेड साफ कर बेटी,” म्हणाले, “जाम झालं हाय.”

पुढच्या हंगामाच्या तोंडाला तेल्हाऱ्याचा डॉक्टर दुकानात आला. बाही तशीच दुमडलेली. हिवरखेडला दवाखाना टाकत होता, त्याला बोर्ड हवा होता. मला बघून थबकला. मी इथं असेन हे त्याला माहीत नसावं, किंवा असावंही. मी बसा म्हटलं नाही.

त्यानं कागद पुढे केला. नाव, वेळ, आणि खाली एक ओळ: ‘औषध मारून चक्कर आली तं घरी झोपू नका, आधी इथं या.’

“वाचून घ्या मॅडम,” तो म्हणाला. “कुठं चुकलं असन तं...”

मी वाचलं. ‘तं’ वर माझी नजर अडकली आणि त्याचीही तिथेच होती.

“गावात कोणाला वाचून दाखवलंत?”

“दाखवलं.”

“कोणाला?”

“काकूले.”

“काय म्हणाली?”

“म्हणे, अक्षर मोठं कर.”

मी कॉम्प्युटरकडे वळले आणि अक्षर मोठं केलं.